पडद्यावरील खोटा धाक : ओळख आणि उपाय

(कळसाडी, जि. नंदुरबार येथे पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर उभा राहणारा वक्ता बहुधा परीक्षा, शिष्यवृत्ती आणि नोकरी यांविषयी बोलतो. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु आज मी अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहे, की ज्याच्या घरात संगणक किंवा मोबाईल आहे त्या प्रत्येकाच्या दाराशी ती केव्हातरी येऊन उभी राहते. ती म्हणजे पडद्यावर एकाएकी उगवणारी धोक्याची खोटी सूचना.

ही सूचना कशी असते? मुलगा अभ्यासाची पीडीएफ शोधत असतो, मुलगी निकाल पाहत असते, किंवा खरे सांगावयाचे तर कोणीतरी क्रिकेटचा सामना नाहीतर सिनेमा फुकट पाहावयास निघालेला असतो. पत्त्यातील एखादे अक्षर चुकते, नाहीतर एखाद्या जाहिरातीवर बोट पडते, आणि सगळा पडदा लाल किंवा निळा होतो. कर्कश घंटा वाजू लागते. एक बाई इंग्रजीत बजावू लागते की तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे, तुमच्या बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा. वर मायक्रोसॉफ्टचे चिन्ह असते. माऊस हलवला तरी हलत नाहीसा वाटतो. ज्या घरात मराठी, उर्दू, अहिराणी नाहीतर भिलोरी बोलली जाते, त्या घरात इंग्रजीतून दरडावणारा हा आवाज अधिकच खरा वाटतो. इंग्रजीत छापलेले ते सारे सरकारी, असे आपल्या मनाने फार पूर्वी ठरवून टाकले आहे.

मी तुम्हांस एक साधा दृष्टान्त देतो. समजा, रात्री कोणी तुमच्या दारावर चिठ्ठी चिकटवून गेला, की ‘तुमच्या घरात नाग शिरला आहे, ताबडतोब अमुक गारुड्याला बोलवा.’ चिठ्ठी लावणाऱ्याने तुमचे घर आतून पाहिलेलेच नाही. अशीच चिठ्ठी त्याने गल्लीतल्या प्रत्येक दारावर लावलेली आहे. तुम्ही घाबरून त्या गारुड्याला बोलावले, तर तो आपल्या टोपलीतील नाग घेऊन आत येतो, तोच कोपऱ्यातून काढून दाखवितो आणि पैसे मागतो. चिठ्ठीने तुमचे काहीही बिघडलेले नव्हते. जे बिघडले ते दार उघडल्यावर बिघडले.

पडद्यावरील ती सूचना म्हणजे ही चिठ्ठी होय. ती एक वेबपान आहे, त्याहून अधिक काही नाही. वेबपानाला तुमच्या संगणकातील व्हायरस तपासता येत नाही. पान पडदाभर पसरते, कारण व्हिडिओ मोठा करून पाहण्याची जी सोय ब्राउझरमध्ये असते तीच ते वापरते. घंटा म्हणजे एक ध्वनिफीत. अडकलेला माऊस म्हणजे अनेकदा खऱ्या बाणाला लपवून वर दाखविलेले बाणाचे चित्र. एक चौकट बंद केली की दुसरी उगवते, कारण पान लिहिणाऱ्याने तसे लिहून ठेवलेले आहे. एवढ्या साधनांवर हा सगळा धाक उभा आहे.

खोटी सूचना कशी ओळखावी?

खुणा अनेक सांगता येतील, पण एकच पक्की लक्षात ठेवली तरी पुरे. ज्या सूचनेत फोन नंबर आहे, ती सूचना खोटी. मायक्रोसॉफ्ट कंपनीने स्वतः सांगितले आहे की तिच्या धोक्याच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो. संगणकातील खरा व्हायरस-रक्षक कोपऱ्यात लहानशी चौकट दाखवितो, फाइलचे नाव सांगतो आणि आपले काम करतो. तो ओरडत नाही, तो मिनिटे मोजून दाखवीत नाही, तो कोणाला फोन करावयास सांगत नाही आणि कार्डाचा नंबर मागत नाही.

दुसरी खूण घाईची. ‘पाच मिनिटांत’, ‘ताबडतोब’, ‘नाहीतर सर्व फाइली नष्ट होतील’ असे शब्द दिसले की समजावे, समोरच्याला तुम्ही विचार केलेला नको आहे. नंदुरबारच्या मिरची बाजारात व्यापारी नुसत्या रंगावर सौदा करीत नाही. तो मिरची हातात घेतो, ओल पाहतो, मग भाव बोलतो. जो त्याला हातच लावू देत नाही, त्याचा माल कसा असेल हे सांगावयास नको.

मोबाईलवर हेच सोंग थोड्या वेगळ्या वेषात येते. ‘तुमच्या फोनमध्ये पाच व्हायरस आहेत, हे ॲप घ्या’ अशी पाटी येते आणि ते ॲप हाच खरा रोग असतो. याचेच दुसरे भावंड म्हणजे कस्टमर केअरचा खोटा नंबर. बँकेचे किंवा गॅस कंपनीचे काम अडले की आपण इंटरनेटवर नंबर शोधतो आणि वर जो दिसेल त्यावर फोन लावतो. तो नंबर ठगाने तेथे आणून ठेवलेला असू शकतो. बँकेचा नंबर पासबुकावरून अथवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा, हा नियम घरात सर्वांना सांगून ठेवा.

फोन केल्यावर काय होते?

गारुड्याची टोपली कशी उघडते हे ठाऊक असले म्हणजे भीती निम्मी होते. पलीकडचा माणूस अत्यंत गोड बोलतो. तो एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारखे ॲप घ्यावयास सांगतो. ही ॲप मुळात चांगल्या कामासाठी आहेत, परंतु त्यांच्यामुळे तुमचा पडदा त्याच्या हाती जातो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच एनीडेस्कच्या अशा गैरवापराविषयी बँकांना सावध केले होते. मग तो विंडोजमधील ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही उघडून लाल-पिवळ्या खुणा दाखवितो आणि म्हणतो, ‘पाहा, किती व्हायरस!’ वास्तविक अशा खुणा धडधाकट संगणकातही असतातच. एखादा कार्यक्रम उशिरा सुरू झाला तरी तेथे नोंद होते. शेवटी दुरुस्तीची फी सांगितली जाते, आणि पैसे भरताना कार्डाचा नंबर व ओटीपी त्याच्या डोळ्यांसमोर टाइप होतात.

हा धंदा लहान नाही. अमेरिकेच्या एफबीआयकडे आलेल्या तक्रारींनुसार केवळ २०२४ या एका वर्षात अशा खोट्या तांत्रिक मदतीपायी लोकांनी सुमारे १४६ कोटी डॉलर गमावले. आणि हे केवळ परदेशी वृद्धांचे दुखणे आहे असे समजू नका. मायक्रोसॉफ्टने २०२१ साली १६ देशांत केलेल्या पाहणीत भारतातील शंभरापैकी ६९ जणांची त्या वर्षभरात अशा ठगीशी गाठ पडली होती, आणि ३१ जणांनी पैसे गमावले होते. फसणाऱ्यांत २४ ते ३७ या वयाची, म्हणजे शिकलीसवरलेली तरुण मंडळी पुढे होती. तेव्हा ‘आमचा मुलगा कॉम्प्युटर शिकला आहे, तो फसणार नाही’ या भरवशावर राहू नका.

पडदा कसा घालवावा?

आता उपाय. विद्यार्थी मित्रांनो, हा भाग वहीत उतरवून घ्या.

प्रथम हात मागे घ्या आणि आवाज बंद करा. चौकटीवरील फुलीला किंवा ‘ओके’ला हात लावू नका, कारण ती फुलीही चित्रच असू शकते. की-बोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातील एस्केप ही कळ काही क्षण दाबून धरा. पडदाभर पसरलेले पान बहुधा लहान होते. मग कंट्रोल आणि डब्ल्यू या कळा एकदम दाबून ते पान बंद करा, किंवा ऑल्ट आणि एफ ४ दाबून सगळा ब्राउझर बंद करा.

एवढ्याने भागले नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात क्रोम, एज किंवा जो ब्राउझर असेल त्याच्या नावावर जाऊन ‘एंड टास्क’ करा. तेही साधले नाही तर पॉवरचे बटण दहा सेकंद दाबून धरा आणि संगणक बंद करा. ‘बंद करू नका’ असे ती बाई ओरडत असते, ते एवढ्याचसाठी की बंद केल्यावर तिचा खेळ संपतो.

पुन्हा सुरू केल्यावर ‘आधीची पाने पुन्हा उघडू का?’ असे ब्राउझर विचारील. नको म्हणा, नाहीतर तीच चिठ्ठी पुन्हा दारावर येईल. त्यानंतर ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची यादी पाहा. एखाद्या पानावर ‘अलाऊ’ दाबले गेले असेल, तर त्यामुळेच दिवसभर कोपऱ्यात धोक्याच्या पाट्या उगवत राहतात. अनोळखी नावे तेथून काढून टाका. एक्स्टेंशनची यादीही तपासा. शेवटी विंडोज सिक्युरिटीमधून संपूर्ण संगणकाची तपासणी चालवा. ती विंडोजबरोबर फुकटच मिळालेली आहे, तिच्यासाठी कोणालाही पैसे द्यावयाचे नाहीत.

मोबाईलवर अलीकडील ॲपच्या यादीतून ब्राउझर सरकवून काढा. ऐकत नसेल तर सेटिंगमधील ॲपच्या यादीत जाऊन त्याला ‘फोर्स स्टॉप’ करा आणि त्याची कॅशे पुसून टाका. नुकतेच आलेले अनोळखी ॲप काढून टाका. ते निघत नसेल तर त्याला ‘डिव्हाइस ॲडमिन’चा अधिकार दिला गेला आहे काय ते पाहा, तो अधिकार काढा आणि मग ॲप काढा. प्ले स्टोअरमधील प्ले प्रोटेक्टची तपासणी एकदा चालवा.

आणि फोन लागून गेला असेल तर? प्रथम इंटरनेट तोडा. वायफाय बंद करा, तार उपसा, हॉटस्पॉट बंद करा. पडदा पाहू देणारे ॲप काढून टाका. दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून बँकेला कळवा आणि खाते व कार्ड थांबवा. पासवर्ड बदला, त्यातही ई-मेलचा प्रथम, कारण बाकीच्या कुलपांच्या किल्ल्या तेथेच असतात. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. ठगाचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळत असतात. लवकर कळविले तर ते वाटेत अडविता येतात, दोन दिवस विचार करीत बसलात तर हाती काही लागत नाही. पडद्याचे दुसऱ्या फोनने छायाचित्र घ्या, व्यवहाराचा क्रमांक लिहून ठेवा, संदेश पुसू नका. पुढे ‘तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणून कोणाचा फोन आला, तर तो त्याच गारुड्याचा भाऊ आहे असे समजा.

ज्याचा धाक सर्वांत वाईट

या सोंगाचा आणखी एक प्रकार आहे. पालकांनी तो नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. काही वेळा पडद्यावर व्हायरसची नव्हे, तर पोलिसांची सूचना येते. वर राजमुद्रा असते, खाली लिहिलेले असते की तुम्ही अश्लील मजकूर पाहिला, म्हणून तुमचा ब्राउझर कुलूपबंद करण्यात आला आहे. सहा तासांत दंड भरा, नाहीतर अटक होईल. कधी तर ‘मिनिस्ट्री ऑफ जस्टिस’ असे नाव असते. या नावाचे मंत्रालय आपल्या देशात नाही. आहे ते विधी व न्याय मंत्रालय. आणि कोणतेही पोलीस खाते ब्राउझरला कुलूप लावून कार्डावर दंड घेत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये केरळातील कोळिकोड येथे एका सोळा वर्षांच्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर राष्ट्रीय गुन्हे अभिलेख ब्यूरोच्या नावाने अशीच खोटी सूचना आली. दंड मागितला होता ३३,९०० रुपये. त्या मुलाने आपले जीवन संपविले.

जे पान तीन कळा दाबून नाहीसे झाले असते, त्यापायी एक घर अंधारले. ठगाने त्याच्या संगणकाला कुलूप लावलेले नव्हते, त्याच्या तोंडाला लावले होते. आई-वडील काय म्हणतील, शाळेत कळले तर काय होईल, आपल्या घराण्याची अब्रू जाईल, हीच ती भीती. इज्जतीला जपणाऱ्या आपल्यासारख्या समाजात ही भीती अधिकच दाट असते आणि ठगाला तेच हवे असते.

म्हणून पालक बंधू-भगिनींनो, संगणकाच्या कळा तुम्हांस आल्या नाहीत तरी चालेल. त्या मुलांना येतील. तुम्ही एवढेच करा, की आजच घरी गेल्यावर मुलांना सांगा, ‘पडद्यावर काहीही आले, तू काहीही पाहत असलास, तरी प्रथम मला येऊन सांग. मी रागावणार नाही.’ आणि तो सांगावयास आला, तर खरोखरच रागावू नका. प्रथम पडदा बंद करा, समजुतीचे दोन शब्द दुसऱ्या दिवशी सांगा. मुलींच्या बाबतीत हे अधिक पाळा. मोबाईल काढून घेतला जाईल या धास्तीने मुलगी गप्प बसते आणि एकटीच ठगाशी झुंजते. मुलांनो, मन फार खचले, घरी बोलवेनासे झाले, तर शिक्षकांजवळ बोला. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मनाच्या आधारासाठीचा सरकारी क्रमांक आहे. तेथे बोलण्यात लाज नाही.

फोनच्या पलीकडे कोण बसतो?

शेवटचा मुद्दा नोकरीच्या शोधात असलेल्या तरुणांसाठी आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर धाड घातली. तेथून अमेरिकेतील लोकांना कर खात्याचे अधिकारी म्हणून धमकावले जात होते. सुमारे ७० जणांना अटक झाली आणि सातशेहून अधिक कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यांतील काही मायक्रोसॉफ्ट व ॲमेझॉन यांच्या तक्रारींवरून होत्या. त्या प्रकरणी परदेशी लोकांना याच पडद्यावरील खोट्या सूचनांनी गाठले जात होते, असे सीबीआयने सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये तर नाशिक जिल्ह्यात, इगतपुरीला, एका रिसॉर्टच्या भाड्याच्या जागेत चालणारे कॉल सेंटर सीबीआयने उघडकीस आणले. ॲमेझॉनचे मदत केंद्र असल्याचे भासवून अमेरिका-कॅनडातील लोकांना फसविण्यासाठी तेथे साठेक माणसे बसविलेली होती, असा आरोप आहे.

ही साठ आणि सातशे मुले कोठून येतात? ती आकाशातून पडत नाहीत. बारावी नाहीतर बी.ए. झालेली, चार शब्द इंग्रजी बोलणारी, घरी पैसे पाठविण्याची निकड असलेली, म्हणजे आपल्यासारख्यांच्या घरचीच ती मुले असतात. नोकरीच्या जाहिरातीत ‘टेक्निकल सपोर्ट’ एवढेच लिहिलेले असते. म्हणून अशा नोकरीवर जाताना काही गोष्टी पाहा. नेमणुकीचे पत्र मिळते काय? पगार बँकेत होतो की रोख हातावर? आपले नाव बदलून परदेशी नाव घ्यावयास सांगतात काय? समोरच्याला घाबरविण्याचा मजकूर पाठ करावयास देतात काय? गिफ्ट कार्डाने पैसे घेतात काय? यांपैकी एकही गोष्ट आढळली तर त्याच पावली परत फिरा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड प्रमाणे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कायद्याची गोष्ट राहू द्या. कोणाच्या तरी म्हाताऱ्या आईला घाबरवून मिळविलेल्या पैशाची भाकरी आपल्या आईच्या ताटात वाढवेल काय, हा प्रश्न स्वतःला विचारा. हलाल कमाईची शिकवण ज्या घरात मिळाली, त्या घरातील मुलाला याचे उत्तर कोणी सांगावे लागणार नाही.

मित्रहो, माझे म्हणणे थोडक्यात असे. पडद्यावरील सूचना ही दारावरची चिठ्ठी आहे. फोन नंबर दिसला की ती खोटी. फोन करू नका, पान बंद करा, घरच्यांना सांगा. पैसे गेले असतील तर १९३०. ही चार वाक्ये जाड कागदावर मराठीत आणि उर्दूत लिहून शाळेच्या संगणक कक्षात, गावातील प्रत्येक सायबर कॅफेत आणि घरातील संगणकाजवळ लावावीत, अशी विनंती मी संस्थेच्या चालकांना व विद्यार्थ्यांना करतो. ज्याला येते त्याने न येणाऱ्याला शिकवावे. नातीने आजीला, विद्यार्थ्याने शेजाऱ्याला. शिक्षण शाळेच्या भिंतीबाहेर पडून चार घरांच्या उपयोगी पडते, तेव्हाच ते शिक्षण.